खंडेनवमीचं तेल

आमची मोटार राहणार की विकली जाणार, हे त्या वर्षी दसऱ्याला ठरायचं होतं. आई मोटारीत बसून, घाट उतरून पेठ गावी माहेरी गेली, तर मोटार राहणार. नाही बसली, तर येवल्याचे एक पैठण्यांचे व्यापारी येऊन ती घेऊन जाणार. काकांनी त्यांना तसा शब्दच देऊन ठेवला होता.

काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरचं-बाहेरचं सगळं काका पाहत आणि त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नसे. आई त्यांच्यासमोर डोक्यावरून पदर घेई आणि त्यांच्याशी थेट बोलत नसे. थोरल्या दिराशी बोलायची आमच्याकडे रीतच नव्हती. काही सांगायचं झालं तर ती मला पुढे करी. "तुझ्या काकांना सांग, पानं घेतलीत." काका तिथेच उभे असत, त्यांनी ते ऐकलेलं असे, तरी मी ते पुन्हा म्हणायचं. मी मुळात अबोल. घरातली माझी बरीचशी वाक्यं अशी दुसऱ्याचीच असत.

तिसाव्या सालानंतरचे ते दिवस. नाशकात खाजगी मोटारी थोड्या होत्या आणि ज्यांच्याकडे होत्या त्यांनी बहुधा ड्रायव्हर ठेवलेले. बाबा वकील होते. त्यांनी देवळालीच्या छावणीतून विलायतेला परत निघालेल्या एका गोऱ्या साहेबाची जुनी मोटार घेतली, आणि ड्रायव्हर काही ठेवला नाही. गंगापूरच्या रस्त्याला, पेरूच्या बागांपाशी आमचं घर. मागे गोठा होता. म्हशी गेल्या आणि तिथे मोटार आली. "म्हैस निदान दूध तरी द्यायची," काका म्हणत.

कोर्टातून आले की बाबा काळा कोट खुंटीला अडकवून, डाग पडलेला जुना पायजमा चढवून गोठ्यात जात. रविवार तर सबंध तिथेच. पंक्चर झालेली ट्यूब आंघोळीच्या घंगाळात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते पाहायचे. मग त्या दिवशी सगळ्यांच्या अंगाला रबराचा वास. इंजिनाचे व्हॉल्व्ह घासायचं हत्यार ते दोन्ही तळव्यांत धरून रवीसारखं फिरवत. आई जाता-येता विचारी, "ताक झालं का?" बाबा म्हणत, "लोणी यायचंय अजून."

मोटारीबरोबर एक इंग्रजी पुस्तक आलं होतं. कुठला भाग कसा खोलायचा, कसा पुसायचा, पुन्हा कसा बसवायचा, हे त्यात होतं. बाबांना इंग्रजी येत होतंच, पण ते मोटारीखाली उताणे पडलेले आणि हात काळे, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे. मी सिस्टरांच्या शाळेत शिकत होते. शाळेत मराठी बोलायला बंदी आणि घरी इंग्रजी बोलायची लाज, त्यामुळे दोन्हीकडे मी गप्पच असायची. गोठ्यात मात्र मोठ्यानं वाचत असे. समोर माणूस नसायचा, मोटारीखालून बाहेर आलेले बाबांचे दोन पाय असायचे. पायांसमोर बोलायला मला जड जात नसे.

आषाढात अपघात झाला. रविवार कारंजाच्या चौकाकडून नदीच्या बाजूला उतरताना ब्रेक लागला नाही. रस्त्यात माणसं होती. बाबांनी मोटार वळवून एका उभ्या टांग्याच्या मागच्या अंगावर नेऊन घातली, तेव्हा ती थांबली. टांगेवाला आणि घोडा दोघंही धड राहिले. आई मागे बसली होती. ती पुढच्या बैठकीवर आपटली आणि तिच्या उजव्या हातातल्या सगळ्या बांगड्या फुटल्या. काचा मनगटात रुतल्या. डॉक्टर त्या काढत होते तेव्हा तिनं हूं की चूं केलं नाही. पण सवाष्णीच्या बांगड्यांना फुटल्या म्हणायचंसुद्धा आमच्याकडे चालत नाही, वाढवल्या म्हणतात. तिच्या फुटल्या होत्या, भर रस्त्यात आणि नवऱ्याच्या हातून. घरी आल्यावर ती बाबांना रागानं एक शब्द बोलली नाही. मोटारीत मात्र पुन्हा बसली नाही, आणि गोठ्याकडे जाणंही तिनं सोडलं.

काकांनी काही दिवस वाट पाहिली आणि मग जेवताना विषय काढला.

"ब्रेकची पट्टी झिजली होती, दादा," बाबा म्हणाले. "चूक माझी. आता नवी घालतो."

"तू घालशील रे. पण त्यात बसणार कोण?" काकांनी माझ्याकडे पाहिलं. "विचार तुझ्या आईला. बसेल का म्हणावं?"

आई भात वाढत होती. ती मला म्हणाली, "सांग, दसऱ्याला बघू."

"दसऱ्याला बघू म्हणतेय," मी सांगितलं.

"बरं. दसऱ्याला ती आपणहून बसली आणि पेठपर्यंत गेली, तर मी मोटारीचा विषय पुन्हा काढणार नाही. नाही बसली तर येवल्याचं गिऱ्हाईक तयार आहे. आणि मीही येणार बरोबर. नाहीतर दोघं मिळून मला टोपी घालाल."

बाबांनी त्यानंतर जेवणात लक्ष दिलं नाही. कढीचा वाडगा तसाच राहिला.

चाकाच्या आत कमानीसारखे लोखंडी तुकडे असतात. इंग्रजीत त्यांना शू म्हणतात, म्हणून बाबा त्यांना जोडे म्हणत. ब्रेक दाबला की ते फाकतात आणि फिरत्या चाकाला आतून धरतात. धरण्याचं काम लोखंडाचं नसतं, त्यावर ठोकलेल्या जाड विणीच्या पट्टीचं असतं. ती पट्टी मुंबईहून पार्सलनं आली. लागेल तेवढीच आली, वर वीतभरही उरली नाही. बाबांनी आणि मी ती तांब्याच्या रिव्हेटांनी ठोकून बसवली. मधून सुरुवात करायची आणि दोन्ही टोकांकडे जायचं, म्हणजे पट्टीला फुगा येत नाही. मी जोडा धरत असे, ते ठोकत. पुस्तकात एक वाक्य ठळक छापलेलं होतं, ते मी दोनदा वाचलं. ह्या पट्टीला तेलाचा किंवा ग्रीसचा स्पर्शही होता कामा नये. बाबांनी साबणानं हात धुतले, मला धुवायला लावले, आणि माझ्या वेणीकडे बोट दाखवलं. "ती वर बांध. न्हायच्या आदल्या दिवसाचं तेल आहे तिला."

अष्टमीला संध्याकाळी जोडे तयार झाले. तेव्हा आई गोठ्याच्या दाराशी आली. आषाढानंतर पहिल्यांदाच. तिनं आत पाऊल टाकलं नाही, उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "उद्या खंडेनवमी. ह्या जोड्यांचीही पूजा करू. पाटावर मधोमध मांडा."

बाबांचा चेहरा असा खुलला की मला दुसरीकडे पाहावं लागलं. रात्रीच चाकांत जोडे बसवायचे होते, ते त्यांनी दसऱ्याच्या सकाळवर टाकलं. पूजा झालेलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत हलवायचं नाही, ही रीत सगळ्यांनाच ठाऊक होती.

नवमीला सकाळी मी परडीत झेंडू घेऊन गोठ्यात गेले. आईची मांडणी होत आली होती. नटबोल्टांचे पाने, हातोडे, कोयता, विळी, बाबांची कायद्याची दोन पुस्तकं, आणि मधोमध जोडे. समई लावलेली. आईच्या शेजारी तेलाची वाटी होती आणि वाटीत कापसाचा बोळा.

लोखंड कोरडं पुजायचं नाही, ही तिच्या माहेरची रीत. पेठकडे कोयता, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, सगळ्याला आधी तेल पाजतात आणि मग हळदकुंकू वाहतात. दर वर्षी ती बाबांच्या पान्यांनाही पाजत असे आणि बाबा खूश होत, कारण पाने गंजत नसत.

"आई, जोड्यांना तेल लावलंस?"

"लावलं की. ही पट्टी तर नुसती पीत होती बघ."

"तिला तेल चालत नाही."

"का?"

"तेल लागलं की ब्रेक धरत नाही. सरकतो."

आईनं वाटी हातानं दूर सारली, जणू ती दुसऱ्या कुणी तिथे आणून ठेवली होती. मग तिनं एक जोडा पदरानं पुसायला घेतला. तेवढ्यात अंगणातून खडावांचा आवाज आला आणि तिनं तो खाली ठेवला. बाबा सोवळं नेसून आले, मागे काका.

"जोड्यांची पूजा करणारं घराणं नाशकात आपलं पहिलंच असेल," काका म्हणाले.

"हेच जोडे उद्या तुम्हांला घाटातून सांभाळून नेणार आहेत, दादा."

"नेतात का बघू. घालणारीनं पायात घातले पाहिजेत ना!"

बाबा हसले. त्यांनी एकेका जोड्यावर कुंकवाचं बोट टेकलं, फूल वाहिलं, नमस्कार केला. आई माझ्या शेजारी उभी होती. तिथे काका नसते तर ती त्याच क्षणी बोलली असती, असं मला अजून वाटतं.

दुपारी काका आडवे झाले आणि बाबा पेट्रोलचा डबा आणि आपट्याची पानं आणायला गावात गेले. आईनं मला मागच्या पडवीत बोलावलं.

"बाबांना सांगू या," मी म्हणाले.

"सांगितलं तर ते उद्याचं जाणं रद्द करतील."

"करू देत."

"मग तुझ्या काकांना कारण सांगावं लागेल. आणि कारण मी. मोटारीवर डूख होता म्हणून मुद्दाम केलं म्हणतील. तोंडावर कुणी म्हणणार नाही गं, पण म्हणतील. ह्यांच्यासुद्धा मनात येऊन जाईल. एकदा का होईना, येऊन जाईल." 

मी पडवीतून गोठ्याकडे पाहिलं.

"पुस्तकात काय सांगितलंय?"

"पेट्रोलनं धुवायचं. फार मुरलं असेल तर पट्टी बदलायची."

"दुसरी पट्टी आहे?"

"नाही."

आई उठली. गोठ्यात जाऊन तिनं पाटापुढे डोकं टेकलं आणि जोडा उचलला. मी म्हणाले, "उद्यापर्यंत हलवायचं नसतं." ती म्हणाली, "हे तू मला सांगतेस?" आणि दुसरा उचलला. समई जळत होती. पेट्रोल आणि ज्योत एका छपराखाली नको, एवढं आम्हां दोघींनाही कळत होतं, आणि नवमीची समई विझवायची नव्हती. म्हणून आम्ही जोडे पाटीत घालून विहिरीपलीकडे नेले, झेंडूची फुलं पाटावर होती तशीच ठेवून.

आधीच्या डब्यात तळाशी राहिलेलं पेट्रोल आम्ही परातीत ओतलं. मी जोडे धुतले, आईनं फडक्यानं पुसले. पुन्हा धुतले. मग दगडावर उन्हात मांडले. ऊन कडक होतं. थोड्या वेळानं पट्टीच्या विणीतून तेलाचे बारीक ठिपके वर येऊ लागले, घाम यावा तसे. आई चुलीतली राख घेऊन आली आणि भांडी घासतात तशी तिनं ती पट्टीवर दाबली. राख तेल पिऊन काळी झाली. झटकली, पुन्हा दाबली. मग मी ट्यूबला लावायची पांढरी भुकटी, शंखजिरं, आणलं आणि ते चोळलं. असं कितीतरी वेळ चाललं होतं. आमचे कान घराकडे होते. एकदा काकांचा खोकला ऐकू आला तेव्हा आई परातीपुढे आडवी उभी राहिली, पदर पसरून.

शेवटी ठिपके यायचे थांबले.

"आता ठीक ना?"

"थंड असताना धरेल," मी म्हणाले. "उन्हापेक्षा घाटात ब्रेक फार तापतो. तेव्हा आतलं किती बाहेर येईल, ते माहीत नाही."

आई परातीकडे पाहत राहिली. "घाट उतरायच्या आधी लहान उतार आहेत की नाहीत?"

"आहेत."

"मग तिथे कळेल. वास येईल ना तेलाचा? आला तर घाटाआधी मी स्वतः सांगेन. घाटात नेऊ देणार नाही. चालेल?"

माझी आई मला पहिल्यांदाच असं काही विचारत होती. मी मान डोलावली. जोडे आम्ही पुन्हा पाटावर मांडले. तिनं त्यांच्यावर कोरडं हळदकुंकू वाहिलं आणि तीच फुलं ठेवली.

दसऱ्याच्या सकाळी बाबा पहाटेच उठले. मी नेहमीसारखी शेजारी बसून पाने देत होते. एक जोडा हातात घेऊन ते थांबले आणि उजेडाकडे धरून पाहू लागले.

"ही पट्टी काळपट का दिसते गं?"

आई चहा घेऊन दाराशी उभी होती. ती म्हणाली, "कुंकवाचा डाग असेल."

बाबांनी पट्टी पुसली आणि जोडा बसवला. मग मोटार रस्त्यावर काढून त्यांनी वेगात असताना ब्रेक दाबला. चाकं जागच्या जागी रुतली, धुरळा उडाला. ते उतरून आले ते आईकडेच पाहत. "बघितलंस? खिळल्यासारखी उभी राहिली." आई म्हणाली, "बघितलं." आणि काकांच्या देखत, कुणी हात न धरता, मागचं दार उघडून आत बसली. तिनं उजवा हात मांडीवर घट्ट धरला होता.

मी तिच्या शेजारी. काका पुढे, काठी गुडघ्यांत धरून.

पंचवटी ओलांडली, रामशेज मागे पडला. रस्ता कच्चा होता पण कोरडा. दोन्हीकडे खुरासणी पिवळी फुलली होती, पुढे नागलीची शेतं, मग साग सुरू झाला. बाबा बोलत होते, फार बोलत होते. काका मधून मधून "हळू" म्हणत. पहिला उतार आला. ब्रेक लागला. दुसरा आला, तिथेही लागला. आई बाहेर पाहत नव्हती, तिनं नाक किंचित वर केलं होतं. तिसऱ्या उतारावर बाबांनी पाय उचलला आणि पुन्हा दाबला, नेहमीपेक्षा खोल.

तेवढ्यात काका म्हणाले, "कुणाच्या घरी तळण चाललंय रे?"

"इथे घर कुठंय, दादा?"

खरंच नव्हतं. सागाची झाडं होती फक्त. वास मात्र कढईचाच होता, तेल तापल्यावर येतो तो. मी आईचा हात दाबला. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"अहो, थांबवा."

"का? घाटाचं तोंड आलंच. तिथे थांबू."

"आत्ता थांबवा."

बाबांनी ब्रेक दाबला. मोटार हलकी झाल्यासारखी पुढे सरकत राहिली. त्यांनी हातब्रेकही ओढला. मोटार कडेच्या चढावर थोडी चढली आणि उभी राहिली. पुढच्या वळणाशी रस्ता खाली बुडत होता.

आई म्हणाली, "जोड्यांना तेल लागलंय. मी लावलं, खंडेनवमीला, पूजेचं म्हणून. हिनं सांगितलं तेव्हा लावून झालं होतं. मग धुतलं, पण सगळं निघालेलं नाही."

बाबा खाली उतरले, मागच्या चाकापाशी बसले, हात जवळ नेऊन त्यांनी झटकन मागे घेतला.

"धुतलं म्हणजे? कशानं?"

"पेट्रोलनं. आम्ही दोघींनी."

"मग?"

"ऊन दिलं. राख लावली. शंखजिरं लावलं."

"शंखजिरं," बाबा म्हणाले. चाकाकडे पाहतच म्हणाले. त्या एका शब्दात राग असेल म्हणून मी वाट पाहत होते. तो आला नाही.

राग काकांच्या तोंडावर होता. ते उतरून मागच्या दाराशी आले आणि माझ्याकडे पाहत म्हणाले, "तुझ्या आईला विचार. हे माहीत असताना सगळ्यांचा जीव टांगणीला लावायचं कारण काय होतं?"

आईनं पदर सारखा केला. "सांग त्यांना, कारण त्यांनीच दिलं होतं."

हे वाक्य मला म्हणायचं होतं. काकांच्या तोंडावर. काका वाट पाहत उभे होते. त्यांनी ते ऐकलं होतंच, पण मी म्हणेपर्यंत ते आमच्या घरात बोललं गेलं असं होत नव्हतं. मी मोटारीच्या दाराची कड घट्ट धरली. शाळेत सिस्टर उभं करून प्रश्न विचारत तेव्हा बाकाची धरत असे, तशी.

"कारण तुम्हीच दिलं होतंत," मी म्हणाले.

काकांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग बाबांकडे वळले. "मोटार इथेच राहू दे. पुढे बैलगाडी मिळेल. येवल्याचे लोक माणूस पाठवून इथून घेऊन जातील."

बाबा चाकापाशी बसून होते. ते नाही म्हणाले नाहीत. मागे वळलो तरी येताना लागलेले चढ आता उतार झाले असते, आणि गार झालेला ब्रेक पुन्हा तापणार होता. त्यांनी हातातली माती झटकली आणि मोटारीच्या मडगार्डवर तळवा टेकवला. तो हात निरोप घेतल्यासारखा दिसत होता.

"अहो," आई म्हणाली, "आमच्याकडे भरल्या बैलगाड्या हाच घाट कशा उतरतात? त्यांना कुठे ब्रेक असतो?"

बाबांनी वर पाहिलं.

"मागे ओंडका बांधतात. तो जमिनीत रुतत येतो. गाडी बैलांच्या अंगावर जात नाही."

रस्त्याकडेला तोडलेल्या सागाचे तुकडे पडलेले होते. बाबांनी सामानाचा दोर सोडला. एक जड ओंडका निवडून त्यांनी आणि काकांनी तो ओढत आणला. काका पुटपुटत होते, पण ओढत होते. बाबांनी दोर मागच्या आसाला आवळला, ओढून पाहिला, पुन्हा आवळला.

"तुम्ही तिघं चालत या," ते म्हणाले. "पहिल्या गिअरमध्ये मी एकटा नेतो."

"मी बसलेली आहे," आई म्हणाली.

"अगं—"

"मी उतरले तर पेठपर्यंत बसून गेले असं होणार नाही." मग माझ्याकडे वळून, "तू उतर. काकांबरोबर चालत ये."

मी उतरले. तिनं दार आतून ओढून घेतलं. बाबांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं, मग पुढे बसले. मोटार घरघरत वळणाकडे निघाली. मागे ओंडका, धुरळा आणि खरडल्याचा मोठा आवाज. वळणाआड गेल्यावर फक्त आवाज राहिला.

काका आणि मी चालू लागलो. त्यांच्याबरोबर एकटीनं चालायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. ते रस्त्याच्या डोंगराच्या बाजूनं चालले आणि मलाही त्यांनी काठीनं त्याच बाजूला घेतलं. खाली दरी होती. आवाज येत होता तोवर आम्ही साध्या पावलांनी चालत होतो. इंजिन ओरडे, ओंडका खरडे, मध्येच दगडाला आपटे.

"पहिल्यापासून अशीच आहे," काका एकदम म्हणाले. "लग्न होऊन आली तेव्हापासून." आणि थोड्या वेळानं, "दोर नवा आहे ना?"

"जुना आहे," मी म्हणाले.

पुढच्या वळणावर आवाज थांबला. खरडणंही आणि इंजिनही. काका उभे राहिले. रानात दुसरा कसलाच आवाज नव्हता. मग त्यांनी धोतराचा सोगा वर खोचला आणि ते पळू लागले. ह्या वयात, उतारावर, काठी आडवी धरून. मी त्यांच्या मागे. एक वळण गेलं, रस्ता रिकामा. त्याच्या पुढचं वळण गेलं.

घाटाच्या पायथ्याशी, रस्ता सपाट होतो तिथे, मोटार उभी होती. बाबा मागच्या आसाखाली उताणे पडून दोर पाहत होते. त्यांचे दोन पायच दिसत होते. आई खाली उतरून उभी होती, धुळीनं पांढरी झालेली. तिच्या दोन्ही हातांतल्या बांगड्या होत्या तशा होत्या. मी आधी त्याच पाहिल्या. काकांनीही, मला वाटतं.

काकांना बोलता येईना. काठीवर ओणवून ते दम घेत राहिले. मग मला म्हणाले, "तुझ्या आईला विचार, परत नाशकाला कशानं यायचं?"

"पट्टी नवी मागवावी लागेल, दादा," बाबा मोटारीखालून म्हणाले.

"तुला नाही विचारलं."

आई मला म्हणाली, "सांग, पट्टी येईपर्यंत मी माहेरी राहीन. आणि मोटारीनं येईन."

मी सांगितलं.

काकांनी मान डोलावली. कपाळाचा घाम उपरण्यानं पुसला. "मग पेठहून उद्याच येवल्याला माणूस धाडतो. येऊ नका म्हणावं." ते पुढच्या बैठकीकडे निघाले आणि मध्येच वळून मोटारीखालच्या पायांना म्हणाले, "तो दोर कशाला सोडतोस? राहू दे. पेठपर्यंत राहू दे."

"आता उतार बारकेच आहेत, दादा."

"राहू दे म्हणतो ना."

म्हणून आम्ही भर दसऱ्याच्या दिवशी पेठमध्ये शिरलो ते मागे ओंडका फरफटत. आवाज ऐकून लोक आपट्याची पानं हातात घेऊन घरांतून बाहेर आले. पुढे काका ताठ बसलेले, मागे आई. तिनं पदर नीट केला, आणि माहेरच्या दारात मोटार थांबेपर्यंत कुणाहीकडे पाहिलं नाही.